‘अलक’ म्हणावं की ‘लघुकथा’?

प्रश्न असा आहे: ‘फ्लॅश फिक्शनला मराठीत नेमकं काय म्हणायचं? लघुकथा म्हटलं तर चालेल का? अलक हा शब्द बरोबर आहे का? आणि असं चांगलं लेखन वाचायला कुठे मिळेल?’

फ्लॅश फिक्शन म्हणजे अगदी थोड्या शब्दांत संपणारी कथा. तिला लघुकथा म्हणू नये. अर्थाने तो शब्द बसतो, पण मराठीत त्याची जागा आधीच ठरलेली आहे. ह. ना. आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं, तेव्हा त्यातल्या छोट्या कथांना ते ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. पुढे दिवाकर कृष्ण, फडके, खांडेकर यांच्या काळात ‘लघुकथा’ हा शब्द रुळला आणि दिवाळी अंकात दहा-पंधरा पानं घेणाऱ्या कथेचं ते नाव झालं. हिंदीत अशा कथेला ‘कहानी’ म्हणतात. तिथे ‘लघुकथा’ म्हणजे पान-अर्ध्या पानाची गोष्ट. त्यामुळे हिंदीतली लघुकथा मराठीत आणताना नावही तेच ठेवलं, तर वाचक भलतीच अपेक्षा धरून बसतो. बंगालीने ‘अणुगल्प’ असा वेगळा शब्द करून हा घोळ टाळला.

‘अलक’ म्हणजे अति लघु कथा. मटा, मसाप, अंनिस यांच्यासारखाच आद्याक्षरांचा शब्द, आणि आता चांगला रुळलेला. संस्कृतात अलक म्हणजे कपाळावर येणारी केसांची बट. त्या शब्दाशी याचा संबंध नाही. त्याचं भावंड ‘शशक’, म्हणजे शतशब्दकथा. तिथेही संस्कृतातला ससा आडवा येतो, पण संदर्भ असला की कुणाचा गोंधळ होत नाही. दोन्ही शब्द मी स्त्रीलिंगी वापरते, कारण मूळ शब्द कथा. ‘ती अलक वाचली’, ‘दोन अलक लिहिल्या’ असं अनेकवचनातही रूप न बदलता चालतं. ‘अलका’ केलं तर ते मुलीचं नाव होतं.

एक फरक मात्र पाळावा. शशक म्हणजे मोजून शंभर शब्द. इंग्रजीत त्याला ड्रॅबल म्हणतात आणि तो खेळ १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींनी रूढ केला. फ्लॅश फिक्शन बरंच ऐसपैस असतं, बहुतेक नियतकालिकांत हजार शब्दांपर्यंत. १९९२ साली जेम्स थॉमस, डेनिस थॉमस आणि टॉम हाझुका यांनी ७२ छोट्या कथांचा संग्रह काढला, त्याच्या नावातून ही संज्ञा पसरली. मराठीत अलक म्हटलं की चार-सहा ओळी डोळ्यांसमोर येतात. म्हणून आठशे शब्दांच्या कथेला मी ‘लघुतमकथा’ म्हणेन, अलक म्हणणार नाही.

आता या प्रकारात एवढं काय आहे, ते उदाहरणाशिवाय सांगता येत नाही. ही या उत्तरासाठी लिहिलेली:

‘रेशनकार्डावरून नाव कमी करायचा अर्ज त्यांनी तिसऱ्यांदा तसाच घरी आणला. “साहेब जेवायला गेले होते,” ते म्हणाले. सून म्हणाली, “बाबा, आज रविवार आहे.”’

नाव कुणाचं ते सांगितलेलं नाही. कोण गेलं, कधी गेलं, यातलं काहीच नाही. तरी ‘कमी करायचा’ हे रेशन ऑफिसातले दोन शब्द वाचताना आपल्याला कळतं, कारण घरातलं माणूस गेलं की ही पायपीट प्रत्येक घराने केलेली असते. ‘तिसऱ्यांदा’ काढून पाहा: म्हातारा फक्त विसरभोळा उरतो. ‘सून’च्या जागी ‘क्लार्क’ घाला: विनोद होतो. एक शब्द हलला की गोष्ट बदलते, आणि गाळलेला भाग वाचकाने स्वतःच्या घरातून भरायचा असतो. मला हा प्रकार आवडतो तो यासाठी. फक्त शेवटच्या ओळीच्या धक्क्यासाठी रचलेल्या अलक पुष्कळ फिरतात. त्या दुसऱ्यांदा वाचवत नाहीत. चांगली अलक दुसऱ्या वाचनात जास्त देते.

छोटी गोष्ट आपल्याला नवीन नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या केसोबासांनी पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठ’ म्हणून एकत्र केले. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातच आहे. पण त्याची मांडणी बघा: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग त्याचा अर्थ उलगडणारं दार्ष्टान्तिक. अलकेत हे दार्ष्टान्तिक लेखकाने लिहायचंच नाही. म्हणून दृष्टान्ताला किंवा बोधकथेला अलक म्हणणं मला पटत नाही. खांडेकरांची रूपककथाही वेगळी. तिथे फुलं, तारे, नद्या माणसांच्या वतीने बोलतात आणि अर्थ बराचसा वर दिसतो. नात्याने सर्वांत जवळची आहे ती दिवाकरांची (शंकर काशीनाथ गर्गे, १८८९–१९३१) नाट्यछटा. एकच माणूस बोलतो, समोरच्याचं बोलणं आपण त्याच्या उत्तरांतून ओळखायचं, आणि बोलणाऱ्याला स्वतःबद्दल जे कळत नाही ते आपल्याला कळतं.

वाचायला कुठे मिळेल? मराठीत ‘मिसळपाव’ या संकेतस्थळाच्या शतशब्दकथा स्पर्धा आणि ‘मायबोली’ या संकेतस्थळाच्या गणेशोत्सवातल्या शशक शोधा, खालच्या प्रतिसादांत शब्दाशब्दावर होणारी चर्चाही वाचण्यासारखी असते. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या अलक बहुधा लेखकाचं नाव गाळून आणि शेवटी कुणीतरी बोध चिकटवून येतात, तेव्हा मूळ मजकूर शोधून वाचावा आणि पुढे पाठवायचीच तर नावासह पाठवावी. इंग्रजी चालत असेल तर ‘स्मोकलाँग क्वार्टर्ली’ हे नियतकालिक २००३ पासून हेच छापतं आहे. अनुवादांत भागलपूरचे बंगाली डॉक्टर-लेखक बनफूल, फाळणीवर दोन-चार ओळींचे तुकडे लिहिणारा उर्दू लेखक मंटो, आणि ‘तळहातावरच्या गोष्टी’ लिहिणारा जपानी लेखक कावाबाता. कावाबाताला १९६८चं नोबेल मिळालं. त्याने अशा शंभरावर गोष्टी लिहिल्या आहेत.

निवड करायचीच तर मंटोपासून सुरुवात करा, आणि एका बैठकीत चार-पाचांपेक्षा जास्त वाचू नका. दिवाकरांच्या नाट्यछटा मात्र मोठ्याने वाचा, शक्यतो कुणाला तरी समोर बसवून.