निवृत्तीनंतर परदेशात जायचंच आहे, तर स्वयंपाकघर स्वतः नव्याने करण्यात अर्थ आहे का?

पाच-सहा वर्षांत नोकऱ्या सोडून दोघं परदेशी राहायला जाणार, तोवर पैसा साठवायचाय आणि स्वयंपाकघर तर मोडकळीला आलंय. ठेकेदार न लावता घरीच केलं तर परवडेल का, असं तुम्ही विचारलंय.

परवडतं. आम्ही दोघांनीही नोकऱ्या सांभाळून, याच बेतात असताना केलं. पण हातोडी उचलण्याआधी एक ठरवा: जाताना घर विकणार की भाड्याने देणार? हे थोडं कुठे जाणार यावरही आहे. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा नियमित उत्पन्न बघतो आणि त्यात घरभाडं धरलं जातं. पनामाच्या पेन्शनधारकांच्या व्हिसाला आजन्म मिळणारी पेन्शन लागते, नुसत्या भाड्यावर तो मिळत नाही.

भाड्याने द्यायचं असेल तर दिसण्यापेक्षा टिकण्यावर खर्च करा: पाण्याने न फुगणारं प्लायवूड, चांगल्या बिजागऱ्या, कुठेही सुटे भाग मिळतील असे नळ. विकायचं असेल तर रंग साधे ठेवा आणि प्रत्येक पावती जपा. बऱ्याच देशांत अशा सुधारणेचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो, त्यामुळे नफ्यावरचा कर कमी होतो. साहित्य आणि दिलेली मजुरी धरतात. तुम्ही स्वतः गाळलेला घाम मात्र हिशेबात शून्य!

आता स्वतः काय करायचं? आमचा नियम सरळ होता: भिंतीआड जाणारं सगळं परवानाधारक माणसाकडून, डोळ्यांसमोर राहणारं आपण. गॅस, वायरिंग, भिंतीतले पाइप यांना हात लावू नका. एरवी एखादा पाइप ठिबकला तर आपण धावत जातो. इथे तो ठिबकेल तेव्हा तुम्ही दुसऱ्या खंडात असाल आणि विमा कंपनी आधी कामाचा दाखला मागेल. वायरमनकडून ३० मिलिअँपियरचा गळती-रोधक स्विच (वीज गळू लागली की पुरवठा लगेच तोडणारा) बसवून घ्या. भिंत बुजवण्याआधी पाइपांमध्ये पाणी दाबाने भरून तपासायला सांगा आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, तोही मोजपट्टी लावून. परदेशातून फोनवर कुणाला ‘इथे ड्रिल मारू नकोस’ सांगताना त्याच फोटोंचा आधार असतो.

तोडफोड, कपाटं, टाइल, रंग हे सगळं जमण्यासारखं आहे. फक्त घर जुनं असेल तर जुनी व्हिनाइल फरशी किंवा छताचे पत्रे फोडण्याआधी त्यांत ॲस्बेस्टॉस आहे का, ते तपासून घ्या. टाइल पाणी सोडत कापा आणि साधं फडकं न बांधता एन-९५ मास्क लावा. ती बारीक धूळ फुप्फुसात बसते ती बसतेच.

वरची कपाटं आधी लावा, खालची नंतर; मधे ओटा नसला की उभं राहायला जागा मिळते. खालच्या कपाटांची सुरुवात फरशीच्या सगळ्यात उंच कोपऱ्यापासून करा, कारण खाली पाचर सारता येते, फरशी तासता येत नाही. ओट्याची उंची साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर, भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत ६०. तुमची उंची वेगळी असली तरी यात फार फेरफार करू नका, पुढे दुसरंच कुणीतरी तिथे उभं राहणार आहे. (यावरून आमच्याकडे बरंच वाजलं. बायको बरोबर होती असं आता मलाही वाटतं, पण तिला ते लेखी देणार नाही.) ओटा आणि भिंत जिथे भेटतात तिथे ग्राउट (टाइलमधल्या फटी बुजवायचं मिश्रण) भरू नका, सिलिकॉन लावा, दोन्ही वेगवेगळे हलतात आणि ग्राउटला चीर जाते.

या सगळ्यात पैशापेक्षा संध्याकाळचा वेळ जास्त जातो. नवीन देशाची भाषा शिकायची असेल तर तिचे दिवस आधी बांधून घ्या, उरलेले टाइलना द्या. गुडघे-कंबर साथ देत असतील तर जड काम पहिल्या वर्षातच उरका.

आणि महागडी उपकरणं ‘पुढे सोबत नेऊ’ म्हणून घेऊ नका. कुठे वीज २३० व्होल्टची, कुठे १२० ची, फ्रीक्वेन्सीही वेगळी. जाड केबलवर चालणारा ओव्हन नेण्याच्या खर्चात बहुतेक तिथे नवा येतो, आणि इथला असेल त्या जागी ठेवला तर भाडेकरूलाही चालतो.