शिवणाचं विचारा : हाफ पँट बसल्यावर मागून खाली का सरकते?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नागपूरला प्रतापनगरात राहते. मे महिन्यात इथे घरात अंगावर काही सहन होत नाही म्हणून यंदा घरच्यासाठी हाफ पँट स्वतःच शिवू म्हटलं. नेटवरून पीडीएफ पॅटर्न घेतला, झेरॉक्सवाल्याकडून ए-फोरवर प्रिंट काढून आणली, पानं चिकटवली, माझी सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ४० इंच आहे म्हणून ४० च्या रेघेवर कापलं. उभी असले की बरी दिसते, पण खाली मांडी घालून बसले की मागून कंबर सरकते आणि समोर मांड्यांच्या मधे चुण्या पडून काचते. इलॅस्टिक घट्ट केलं तर अजूनच विचित्र झालं. सासूबाई म्हणतात घेर कमी पडला, एक साइज मोठी काप. काय चुकून राहिलं समजत नाही.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, कापड कमी पडलंय, पण घेरात नाही, आसनात, म्हणजे पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत जाणाऱ्या शिवणीत. साइज मोठी कापाल तर पँट सगळीकडून झोळ्यासारखी होईल आणि मागून तरीही सरकेल.

आधी प्रिंट तपासा. त्या पानांपैकी एकावर छोटा चौकोन असेल, त्यात ५ किंवा १० सेमी असं लिहिलेलं असतं, त्याला पट्टी लावून बघा. दुकानात बऱ्याचदा ‘फिट टू पेज’ तसंच ठेवून प्रिंट मारतात आणि सगळं चित्र थोडं आक्रसतं. १० चा चौकोन ९.६ भरला तर ४४ इंचाचा तयार घेर सव्वाबेचाळीसवर येतो आणि २७ इंचाचं आसन २६ च्याही खाली जातं. घेरातले पावणेदोन इंच इलॅस्टिकच्या पँटमधे खपून जातात हो, आसनातला एक इंच मात्र बसल्याबरोबर कळतो. म्हणून दुकानात सांगायचं, ‘अॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के, आणि चौकोनाचं एकच पान आधी काढून मोजायचं मग बाकीची.

दुसरी शंका मला मायेची आली होती. काही पॅटर्नमधे शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं जास्तीचं कापड, धरलेली असते, बहुतेक दीड सेमी, काहींत नसते, आपल्याला वरून सोडावी लागते. पण ते चुकलं असतं तर सीटवर दोन बाजूच्या, एक पुढची, एक मागची अशा चार शिवणींत, प्रत्येकीला दोन्हीकडून दीड-दीड, मिळून १२ सेमी गेले असते आणि पँट उभ्यानेही नीट चढली नसती. तुमची उभ्याने बरी दिसते, म्हणजे ते नाही.

आता आसन. कमरेला जिथे पँट बसायला हवी तिथे नाडी बांधा, खुर्चीवर टेकून बसा, आणि टेप समोरच्या नाडीपासून दोन्ही पायांमधून मागच्या नाडीपर्यंत न्या, सैलसर. मग कागदावर पुढच्या आणि मागच्या भागाचं वळण मोजा, टेप आडवा न ठेवता काठावर उभा धरून शिवणीच्या रेघेवरून फिरवायचा, कापायच्या रेघेवरून नाही, आणि वरची नेफ्याची घडी मोजायची नाही. दोघांची बेरीज तुमच्या मापापेक्षा कमी येणार बघा, आणि मला वाटतं कमतरता मागच्या भागातच निघेल, कारण बसताना सगळा ताण तिथे येतो आणि आपण बापा जमिनीवर बसणारे लोक.

दुरुस्ती सोपी आहे. मागच्या भागाच्या कागदावर सीटच्या उंचीवर आडवी रेघ मारा, मधल्या शिवणीकडून बाजूच्या शिवणीपर्यंत कापत जा पण शेवटी अगदी थोडी, दोरा-दोन दोरे जागा सोडा म्हणजे कागद तिथे बिजागरीवर फिरेल. मधल्या बाजूला एक इंच उघडा, खाली दुसरा कागद चिकटवा, मधली रेघ परत गोलाईत काढा. बाजूच्या शिवणीची लांबी बदलत नाही त्यामुळे पुढचा भाग जसाच्या तसा जुळतो. नवीन कापड कापण्याआधी जुन्या चादरीवर एक कच्ची शिवून मांडी घालून बसून बघाच.

जी शिवून झाली ती फेकू नका. नेफा उसवा, वरून वेगळी पट्टी जोडून तिचाच नेफा करा, पट्टी मागे इंचभर उंच ठेवा आणि पुढे उतरती. अगदी तशीच होणार नाही, पण घरात घालायला चालते.

शिवायचा क्रम तुम्ही लिहिला नाही तरी सांगते. प्रत्येक पायाची आतली आणि बाहेरची शिवण आधी, मग एक पाय सुलटा करून उलट्या पायात घालायचा, सुलट बाजूला सुलट बाजू, आणि पुढून मागपर्यंत आसनाची एकच सलग शिवण. खालच्या गोलाईत दुसरी टीप मारा, पँट फाटते ती तिथेच.

प्रश्न : गांधीबागेतून सुती कापड आणलंय, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच. आई म्हणते रात्रभर भिजव, मला तेवढा धीर नाही. आणि हाफ पँटला किती लागेल?
– खामला, नागपूर

उत्तर : आईचं ऐका. विणताना आणि फिनिशिंगला सूत ताणलेलं असतं, पाण्यात गेलं की ते सैल पडून मूळ जागी येतं, आणि ते तुमच्या पँटमधे होण्यापेक्षा बादलीत झालेलं बरं. रात्रभर नाही तर दोन-तीन तास तरी. पिळू नका, सावलीत वाळवून थोडं ओलसर असतानाच इस्त्री. नागपूरच्या उन्हाळ्यात तर सावलीतही लवकर वाळेल. सीट ४० पर्यंत असेल तर ४४ पन्ह्यात सव्वा मीटर, खिसे हवे असतील तर दीड. ५८ पन्हा मिळाला तर एक मीटरमधे होतं.

प्रश्न : नेफ्यात इलॅस्टिक सारखं पिळ पडून गोल होतं. काय करू?
– मानेवाडा

उत्तर : नेफा जास्त रुंद झालाय. एक इंचाच्या इलॅस्टिकला नेफा सव्वा इंचच हवा, दीड केला की ते आत लोळतं. इलॅस्टिक कमरेपेक्षा दोन-तीन इंच कमी कापा, टोकं एकावर एक इंचभर चढवून झिगझॅग मारा, एकमेकांना नुसती टेकवून नाही. मग चुण्या सारख्या करून दोन्ही बाजूच्या शिवणींवर आणि मागे मधोमध, शिवणीच्या बरोबर खाचेतून, इलॅस्टिकच्या आरपार एक उभी टीप मारा. टीप मारताना इलॅस्टिक ताणून धरायचं नाही, आणि सुई १४ नंबरची नवीन घाला, बोथट सुईने इलॅस्टिकवर टाके सुटतात.