वसाहतीतला चौपदरी रस्ता तीन लेनचा केला, तर कोंडी होईल का? ग्रामसभेत काय मांडावं?

तुमचा प्रश्न असा : गोव्यातल्या पर्वरीकडच्या वसाहतीतला चौदा मीटर रुंद, दुभाजक नसलेला चौपदरी रस्ता. मधे उजवीकडे वळण्याची एक लेन आणि दोन्ही बाजूंना एकेक लेन, असा प्रस्ताव आहे. अर्धे लोक म्हणतात कोंडी होईल, अर्धे म्हणतात मुलांना रस्ता ओलांडता येईल.

आधी संध्याकाळी सहाला रस्त्यावर उभे राहून पाहा. डावीकडची लेन बहुधा उभ्या गाड्यांनीच खाल्लेली असते. आतल्या लेनमध्ये एक जण उजवीकडे वळायला थांबला की मागचे सगळे थांबतात. म्हणजे कागदावर चार लेन असल्या तरी धावतात दोनच, आणि त्याही धड नाहीत. ग्रामसभेतला खरा वाद लेनचा नसतो, फुकट पार्किंगचा असतो. ते कोणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

मोजणी स्वतः करा. शाळा चालू असतानाच्या मंगळवार ते गुरुवारपैकी एक दिवस, सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास, दर पंधरा मिनिटांची नोंद. वाहनं पीसीयूमध्ये, म्हणजे ‘किती कारइतकी’ या मापात, बदला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या आयआरसी १०६ नुसार, आपल्याकडच्यासारखी दुचाकींची गर्दी असेल तर दुचाकी ०.७५, कार १, रिक्षा आणि टेम्पो २, बस ३.७. समजा गर्दीच्या तासात ४०० दुचाकी, ३५० कार, १० रिक्षा, २० टेम्पो, १० बस गेल्या, तर बेरीज ७४७. त्याच मार्गदर्शिकेत दोन लेनच्या दुहेरी ‘कलेक्टर’ रस्त्यासाठी, म्हणजे वस्तीतली वाहतूक मोठ्या रस्त्याला नेऊन जोडणाऱ्या रस्त्यासाठी, तासाला ९०० पीसीयूंची वाहतूक धरली आहे, तीही रस्त्यालगतचं पार्किंग आणि आडवी ये-जा गृहीत धरून. त्यावर वळणाची लेन वेगळी मिळते. आकडा हजाराच्या पुढे गेला तर मात्र मीही हट्ट धरणार नाही. सिग्नल असलेल्या चौकापाशी शेवटचे चाळीस-पन्नास मीटर दोन लेन तशाच ठेवा, रांग तिथेच लागते.

रुंदीचा हिशोब : ३.२५ च्या दोन लेन, मधली ३ मीटर, एका बाजूला समांतर पार्किंग २.२, उरलेल्या २.३ मध्ये १.८ मीटर मोकळा फुटपाथ आणि कडेचा दगड. दुसऱ्या बाजूला गटारावरच्या लाद्या सपाट केल्या तरी चालायला होतं. एका कारच्या जागेत पाच स्कूटर बसतात, म्हणून दुकानांसमोर दुचाकींसाठीच पट्टी आखा. निम्मा विरोध तिथे मावळतो. कोपऱ्यापासून दहा मीटर काहीही उभं राहू देऊ नका, वळणारा दिसतच नाही.

मधल्या लेनला फक्त रंग द्या, दगड लावू नका. मग १०८ आणि अग्निशमनाचा बंब तिथून निघतो, शिगम्याचे चित्ररथही जातात. रस्ता ओलांडण्याच्या जागी तेवढं पादचाऱ्यांसाठी बेट बांधा, आणि ते गेटांच्या तोंडावर येणार नाही हे पाहा.

बिघडतं कुठे? पहिलं, पाणी. नवा फुटपाथ जुन्या गटारांची तोंडं बुजवतो आणि जूनच्या पहिल्याच सरीत कडेला तळं होतं. प्रत्येक जुन्या तोंडासमोर कडेच्या दगडात फट हवीच. दुसरं, बस. खाजगी मिनीबस प्रवाशांसाठी रेंगाळते आणि एकुलती लेन अडते. थांबा वळणाच्या तोंडाशी नको, चौक ओलांडल्यावर द्या. तिसरं, वाड्यातली आतली वाट. घाईतले लोक तिथून शिरतात, म्हणून तिथलीही मोजणी आधी आणि नंतर करा.

ठराव ‘लेन कमी करा’ असा लिहू नका. ‘सहा आठवड्यांची चाचणी, शंकू आणि रंगाने, आधी-नंतरच्या मोजणीसह’ असा लिहा. काळ जानेवारीच्या मध्यापासून : नाताळची गर्दी सरलेली, शाळा चालू, रस्ता कोरडा. ओल्या डांबरावर थर्मोप्लास्टिक रंग धरत नाही. टोकापासून टोकापर्यंतचा वेळ, गाड्यांचा वेग आणि रस्ता ओलांडायला लागणारे सेकंद मोजा. अपघात कमी झाले का, हे सहा आठवड्यांत कळत नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने अशा बदलानंतर अपघात १९ ते ४७ टक्के घटल्याचं नोंदवलं आहे, पण ते रस्ते दुचाकींचे नव्हेत. हा आकडा सांगायचा तर ती पुस्तीही जोडा.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे आदेश नव्हे. रस्ता पंचायतीचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, ते आधी लेखी विचारा. पार्किंगबंदीसाठी मोटर वाहन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना लागते. आणि पक्कं काम काढण्याआधी वीज, पाणी, मलनिस्सारण या तिन्ही खात्यांना खोदकाम बाकी आहे का, ते विचारून घ्या.