कावळीणीला शेवटच्या पानावर आणाच

तुम्ही विचारलंय की कावळ्याच्या घरट्यात वाढलेलं कोकिळेचं पिल्लू 'मी कावळा नाहीच' हे ओळखतं, अशी चित्रगोष्ट चार-पाच वर्षांच्या मुलांना झेपेल का. झेपेल, नक्की झेपेल. शेवटाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते.

मी गेली बरीच वर्षं लालबागला शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. अशाच एका गोष्टीत पिल्लू उडून आपल्या जातभाईंत जातं, सगळे खूश, तुमच्यासारखाच शेवट, तर एक पाच वर्षांचा मुलगा मला पानच उलटू देईना, घरट्याच्या चित्रावर पंजा ठेवून बसला आणि म्हणाला, "मग एवढे दिवस भरवलं कोणी? तिला सांगून गेला का तो?" पुस्तकात उत्तरच नव्हतं. समोर दत्तक मूल असतं, आजीकडे वाढणारं असतं, आपल्याला माहीत नसतं हो. म्हणून कावळीणीला फसलेली, बावळट दाखवू नका प्लीज.

दुसरं म्हणजे तुमची नायिका घरट्यातच कुहूकुहू गाते, ते बदला. गातो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, तिचा आवाज किक्-किक्. आणि घरट्यातलं पिल्लू गात नाही, नुसतं खायला मागतं. कोकिळेचं अंडं १२-१४ दिवसांत फुटतं, कावळ्याची त्यानंतर, म्हणजे तुमचं पिल्लू बहुतेक वेळा घरट्यातलं थोरलं, धाकट्यांना अंड्यातून बाहेर येताना बघणारं! ही जागा अजिबात सोडू नका, हवं तर दोन जोडपानं द्या.

ओळख पटायची सुरुवात चवीतून करून बघा. कोकीळ मोठेपणी मुख्यतः फळांवर जगतो. कावळीण बोंबलाचा तुकडा आणतेय आणि याचे डोळे समोरच्या वडाच्या लाल फळांवर, हे मुलांना एक शब्द न वाचता कळतं. आर्टिस्टला घरट्यात तारा काढायला सांगा, आमच्या चाळीसमोरच्या गुलमोहरावरून पावसात पडलेल्या घरट्यात काड्यांपेक्षा तारच जास्त होती.

आता शेवट. मोठा कोकीळ दिसला की कावळे त्याच्या मागे लागतात, त्यामुळे गळाभेट नको, खोटं वाटेल. पुढचा चैत्र दाखवा, तो लांबच्या फांदीवर गातोय, आणि इकडे नव्या घरट्यासाठी चोचीत तार धरलेली कावळीण मान वळवून थांबलीय. त्या पानावर मजकूर ठेवू नका.