नवा कोच आला आणि एका सीझनमध्ये टीम पालटली, हे इंडियानात कसं घडलं?

तुम्ही विचारलंय की इंडियाना युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम 2023 मध्ये 3-9 (3 विजय, 9 पराभव) होती, मग नवा हेड कोच आला आणि 2024 मध्ये ती थेट 11-2 झाली, तर ही कोचची करामत की नशीब? मी इंडियानातल्या कोलंबस गावात राहतो. कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीमुळे इथे पुण्याहून आलेली मराठी मंडळी बरीच आहेत, आणि 46 नंबरच्या रस्त्याने ब्लूमिंग्टनचं, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या गावचं, स्टेडियम तासाभराच्या आत येतं. त्यामुळे आधीचे वाईट दिवसही डोळ्यांनी बघितलेत. (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून खेळायचा. आपला नव्हे.)

आधी किती वाईट ते सांगतो. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त मॅच हरलेली टीम ही तेव्हा इंडियानाची ओळख होती, 700 च्या वर पराभव. एका सीझनमध्ये 10 विजय शंभराहून जास्त वर्षांत एकदाही नाहीत. युनिव्हर्सिटी बास्केटबॉलची, पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्या खेळात. फुटबॉलच्या शनिवारी पोरं लाल टीशर्ट घालून स्टेडियमबाहेरच्या गवतावर खातपीत बसायची आणि बरीचशी आत यायचीच नाहीत. आली तरी हाफटाइमला घरी.

नोव्हेंबर 2023 च्या शेवटी कर्ट सिग्नेटी यांची नेमणूक झाली. वय 62. मोठ्या कॉन्फरन्समध्ये (म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) हेड कोच म्हणून पहिलीच संधी. निक सेबन या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली अलाबामात असिस्टंट होते, पण 2011 मध्ये ती मोठी नोकरी सोडून दुसऱ्या श्रेणीतल्या एका छोट्या कॉलेजात हेड कोच झाले, मग ईलॉन आणि मग जेम्स मॅडिसन या युनिव्हर्सिटींत. नव्या खेळाडूंना काय सांगून आणता असं पत्रकारांनी विचारल्यावर म्हणाले, "मी जिंकतो. गूगल करून बघा." इथल्या लोकांनी तेव्हा तोंडावर हात ठेवून हसून घेतलं. मीही.

आता मुद्दा. ते एकटे आले नाहीत. जेम्स मॅडिसनचे तेराएक खेळाडू आणि बरेचसे असिस्टंट कोच त्यांच्या मागोमाग ब्लूमिंग्टनला आले. पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला एक वर्ष बसून काढावं लागायचं. 2021 पासून ती अट सैल झाली आणि ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव नोंदवून लगेच खेळता येऊ लागलं. सिग्नेटींनी याचा पुरेपूर फायदा उठवला. अठरा वर्षांची नावाजलेली पोरं गोळा करण्यापेक्षा बावीस-तेवीसची, दोन-तीन सीझन खेळून मुरलेली पोरं घेतली. पुढे हा काय करेल यापेक्षा आजवर मैदानात काय केलंय ते बघायचं, हा त्यांचा हिशेब. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू) कर्टिस रुर्क हा असाच, कॅनडाचा, ओहायो युनिव्हर्सिटीत मुरलेला.

माझे बाबा तेव्हा पुण्याहून आले होते. 19 ऑक्टोबरला नेब्रास्काविरुद्धच्या मॅचला त्यांना घेऊन गेलो. छान ऊन होतं, तरी कानटोपी डोक्यावर. आयुष्य कबड्डी आणि कुस्तीत गेलेला माणूस, पहिली वीस मिनिटं "हे सारखे थांबतात कशाला?" एवढंच चाललं होतं. मग मी तेरा जणांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "त्यात काय, वस्तादाने तालीम बदलली की पठ्ठे जातातच." इतकं नेमकं मला कुठल्याही तज्ज्ञाकडून ऐकायला मिळालेलं नाही. त्या दिवशी रुर्कच्या अंगठ्याला लागलं, दुसऱ्या हाफमध्ये राखीव क्वार्टरबॅक आला, तरी स्कोअर 56-7. आणि हाफटाइमनंतर आमच्या रांगेतलं कोणी उठलं नाही! मला त्या 56 पेक्षा याचंच जास्त अप्रूप वाटलं. सिग्नेटी मात्र बाजूला उभे, चेहरा असा की जणू उधारी बुडलीय.

नशिबाचा भाग होताच, नाकारण्यात अर्थ नाही. कॉन्फरन्स त्या वर्षी 18 टीमची झाली आणि वेळापत्रकात ओरेगन, पेन स्टेट अशा तगड्या टीमपैकी एकही नाही. मिशिगन आदल्या वर्षीचे विजेते, पण तेव्हा ढेपाळलेले. तरी त्यांच्याविरुद्ध हाफटाइमला 17-3 असलेली मॅच शेवटी 20-15 वर कशीबशी निभावली. त्या विजयाने 10-0 झालं, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच. युनिव्हर्सिटीने तर सीझन संपायची वाटही न बघता सिग्नेटींशी आठ वर्षांचा नवा करार केला.

मग ओहायो स्टेट. मॅच कोलंबसला, म्हणजे ओहायोतल्या. (भारतातून दोन फोन आले, "तुमच्याच गावात आहे ना?") पहिला टचडाउन (म्हणजे इथला गोल) आपला, त्यानंतर पंट करणाऱ्याच्या, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारणाऱ्याच्या, हातून चेंडू निसटला आणि सगळं घसरत गेलं, 38-15. पुढच्या शनिवारी पर्ड्यूला 66-0 ने धुतलं, पण प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, नोत्र दामने 27-17 असं हरवलं. तोही आकडा फसवा आहे, शेवटची दीड-दोन मिनिटं राहिली तोवर 27-3 होतं. लोक म्हणाले, बघा, खरी टीम समोर आली की फुगा फुटला. पण त्या सीझनचे विजेते ओहायो स्टेट आणि उपविजेते नोत्र दाम. म्हणजे हरले ते फक्त त्या दोघांशी. आणि रुर्क गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना सीझनभर खेळत होता, हे आम्हाला जानेवारीत कळलं.

त्यामुळे माझ्या मते पहिल्या वर्षाचे 11 विजय हे साठ टक्के आणलेले पठ्ठे, वीस टक्के वेळापत्रक आणि उरलेले वस्ताद. आकडे माझे, वाद घालायला मोकळे आहात. फक्त दुसऱ्या सीझनला हीच टीम 16-0 करून राष्ट्रीय विजेती झाली, तेव्हा वस्तादांचा वाटा वाढवावा लागेल असं दिसतंय.

बाकी, ऑफिसात एक सहकारी दर शुक्रवारी जास्तीची तिकिटं कॉफी मशीनपाशी ठेवायचा, ज्याला हवी त्याने घ्यावीत. 2024 च्या ऑक्टोबरपासून तिथे फक्त साखरेच्या पुड्या असतात.