फी वाढवली तर माणसे तुटतील का? एका घरगुती पाळणाघराचा हिशेब

घरी पाळणाघर चालवणाऱ्या स्त्रिया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा त्यांची चिंता बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. फी वाढवली तर मुले जातील, मुलांबरोबर इतक्या वर्षांत जोडलेली माणसेही जातील. आणि नाही वाढवली तर हे काम आता झेपत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर नागपूरच्या मनीषनगर भागातून आलेल्या एका ताईंची हकिगत मी त्यांच्या परवानगीने येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पैशांच्या आकड्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण मात्र तसेच ठेवले आहे, कारण या हकिगतीत आकड्यांनाच महत्त्व आहे.

त्यांचे वय पन्नाशीच्या जवळ होते. झोप लागत नाही, छातीत धडधडते, लहानसहान गोष्टींवरून रडू येते, अशा तक्रारी घेऊन त्या प्रथम घराजवळच्या डॉक्टरांकडे गेल्या. रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांत विशेष काही आढळले नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले. पैशांचा विषय पहिल्या भेटीत निघालाच नाही. त्या बोलल्या त्या एका प्रसंगाबद्दल. सव्वा वर्षाची मुलगी रडत होती, दुसरे मूल बाथरूममधून हाका मारत होते, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि त्या क्षणी ताई त्या तान्ह्या मुलीवर इतक्या जोराने ओरडल्या की ती दचकून गप्प झाली. “लेकरू माझ्याकडे पाहून राहिलं होतं ताई. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटते,” असे त्या म्हणाल्या.

अशा वेळी समुपदेशकाने थेट रागाच्या नियंत्रणाकडे वळावे, अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असते. श्वासाचे व्यायाम मी त्यांना शिकवलेही. परंतु ज्या माणसाला दिवसाचे दहा तास बसायला मिळत नाही त्याला श्वास मोजायला सांगण्यात काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मी त्यांना घरी किती मुले असतात, ती केव्हा येतात, केव्हा जातात आणि प्रत्येकाचे किती पैसे येतात, हे वहीत लिहून आणायला सांगितले.

वही उघडल्यावर चित्र असे दिसले. सव्वा वर्षाची मुलगी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, महिन्याचे ३,००० रुपये. अडीच आणि पाच वर्षांची दोन भावंडे, दोघांचे मिळून ४,५००, कारण “दोघे आहेत तर काही कमी करा”. तीन वर्षांचा एक मुलगा दुपारी साडेबारा ते साडेसहा, म्हणजे सहा तास, तरी त्याचे नाव ‘हाफ डे’ आणि त्याचे २,०००. शाळेतून येणारी सात वर्षांची मुलगी, १,५००. सहावा नणंदेचा मुलगा, त्याचे काहीच नाही, कारण तो घरचाच. एकूण जमा ११,००० रुपये.

खर्चाची बाजू त्यांनी कधी वेगळी काढलीच नव्हती. पाळणाघराचे दूध आणि घरचे दूध एकाच पातेल्यात तापत असे. ती वेगळी काढली तेव्हा दूध, फळे, दुपारचे जेवण आणि संध्याकाळचा खाऊ यांचे ४,०००, भांडी व लादी करणाऱ्या मावशींचे २,५००, गॅस, साबण, फिनाईल, औषधपेटी वगैरेंचे १,०००, आणि विजेचे वर्षाच्या सरासरीने ६०० असे ८,१०० रुपये निघाले. विजेचा आकडा सरासरीचा आहे, हे लक्षात घ्यावे. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा तान्ह्या मुलांच्या खोलीतील कूलर दिवसभर बंद करता येत नाही, आणि घरगुती वीजबिलात युनिटे वाढत जातात तसा वरच्या टप्प्याचा दरही चढत जातो. हाती उरले २,९०० रुपये. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे दहा तास, म्हणजे २६० तास. भागाकार त्यांनीच केला: तासाला अकरा रुपये आणि काही पैसे.

त्या कागदाकडे काही वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनीच दुसरा भागाकार केला, तो मी सुचवलाही नव्हता. मावशी रोज दोन तास येतात, महिन्याचे ५२ तास, २,५०० रुपये, तासाला अठ्ठेचाळीस. “म्हणजे मावशीला मी माझ्या चौपट देते,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. मावशींना जास्त मिळते असे त्यांना मुळीच म्हणायचे नव्हते, आणि ते खरेही नाही.

हा दर आला कोठून, याचा शोध घेणे मला आवश्यक वाटले. पाच वर्षांपूर्वी त्याच इमारतीतील एका शेजारणीने विचारले होते, “काकू, तुम्ही घरीच असता, माझ्या बाळाला सांभाळाल का?” आणि रक्कमही तिनेच सांगितली होती. आपला स्वयंपाक, आपले कपडे, आपली दुपार सांभाळून एका शेजारच्या बाळाकडे पाहण्याची ती रक्कम होती आणि त्या वेळी ती वाजवीही असेल. पुढे आलेल्या प्रत्येक पालकाने “आधीच्यांकडून किती घेता?” असे विचारले आणि त्याच्या आसपासच सौदा ठरत गेला. मुले एकाची सहा झाली, घराचा हॉल मुलांचा झाला, दुपारची झोप गेली, सासूबाईंना दूरदर्शनचा आवाज कमी करावा लागला. दर मात्र शेजारधर्माच्या काळातलाच राहिला. घरगुती पाळणाघरांचे भाव अवास्तव कमी असतात ते पालकांच्या कंजूषपणामुळेच असे मला अनुभवाने वाटत नाही. उपकार म्हणून सुरू झालेले काम धंदा केव्हा झाले, हे कोणी मोठ्याने बोललेलेच नसते.

मुले सांभाळण्याच्या कामाचे मोल ठरवताना संकोच करण्यात या ताई एकट्याही नाहीत. अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली, आणि लाखो सेविकांना सरकारने मानसेवी ठरवून मानधनावर ठेवले. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. मनीषनगरमधल्या एका घराने वेगळे काही केलेले नव्हते.

दुसरी वही उशिराची होती. ठरलेल्या वेळेनंतर कोण किती मिनिटांनी मूल न्यायला येते, ते दोन आठवडे लिहायचे. बारा दिवसांत तान्हीची आई नऊ दिवस उशिरा आली होती. सगळ्यांचे मिळून पाच तास चाळीस मिनिटे भरली. कोणीही मुद्दाम उशीर करत नव्हते. बुटीबोरीहून येणारी कंपनीची बस, मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या नोकरीत सुटता सुटता लागलेले काम, वर्धा रोडवरची गर्दी, ही कारणे खरीच होती. परंतु त्या पाच तास चाळीस मिनिटांत या घरातील संध्याकाळचा दिवा, सासूबाईंचे औषध आणि बारावीतल्या मुलाचे जेवण दर वेळी मागे पडत होते, आणि यजमानांचे “तू घरीच तर असते, दहा मिनिटांनी काय होते” हे वाक्य ऐकावे लागत होते. त्यांच्या धडधडीची वेळ विचारली असता ती बहुधा साडेसहा ते साडेसात अशीच निघाली.

उन्हाळ्याचा प्रश्न याहून अवघड होता. भावंडांचे पालक एप्रिलच्या मध्यावर मुलांना आजोळी पाठवत आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडल्या की परत आणत. या अडीच महिन्यांची फी ते देत नसत, जागा मात्र राखून ठेवावी अशी त्यांची अपेक्षा असे. ११,२५० रुपये दर वर्षी असे जात होते. मी ताईंना एवढेच विचारले की या अडीच महिन्यांसाठी दुसरे मूल त्या घेऊ शकतात का. “घेतलं तर हे आल्यावर बसवू कुठं?” म्हणजे जागा विकलेलीच होती, फक्त तिचे पैसे येत नव्हते. पालकांनी हे समजून घ्यावे असे मला वाटते: पाळणाघराची फी ही मूल किती दिवस आले याची नसते, त्याच्यासाठी एक जागा आणि एका माणसाचे लक्ष राखून ठेवल्याची असते. सुट्टीच्या महिन्यांत जेवणाचा खर्च वजा करून अर्धी फी घ्यावी, हा मधला मार्ग माझ्या मते दोन्ही बाजूंना न्याय्य आहे.

प्रत्यक्ष बोलण्याचा सराव आम्ही खोलीतच केला. त्यांचे पहिले निवेदन बरेच लांबले. त्यात सिलिंडरचा भाव आला, दुधाचा आला, सासूबाईंच्या गुडघ्याचे दुखणे आले आणि शेवटी “तुम्हाला जमत असेल तरच हो” असे येऊन रक्कम सांगायची राहूनच गेली. कारणे देत गेलो की समोरचा त्या कारणांशी वाद घालतो, हे त्यांना मी पालक होऊन दाखवले. सातव्या-आठव्या प्रयत्नानंतर उरली ती दोन वाक्ये: “१ जुलैपासून पूर्ण दिवसाची फी ४,५०० रुपये राहील. आपले ठरेल ते १५ जूनपर्यंत कळवा.” यानंतर गप्प राहायचे, ही त्यांना सर्वांत कठीण गेलेली गोष्ट.

रक्कम ठरवतानाही ओढाताण झाली. खर्च, त्यांचा माफक मोबदला आणि मावशींचे वाढीव तास धरून पाच मुलांत भागले तर आकडा पाच हजारांच्या वर जात होता. एका उडीत तेथे जाण्याची त्यांची तयारी नव्हती आणि मीही आग्रह धरला नाही. एका कागदावर वेळ, फी, सातनंतर प्रत्येक अर्ध्या तासाचे ५० रुपये, ताप किंवा उलट्या असल्यास मूल न आणणे, औषध द्यायचे असल्यास पालकांनी लिहून देणे, मूल कोणाकडे सोपवायचे त्यांची नावे आणि सोडताना एक महिना आधी कळवणे, एवढे लिहिले. सुट्ट्यांची ओळ त्यांनी स्वतः घातली. घरी महालक्ष्म्या बसतात त्या तीन दिवशी आणि तान्ह्या पोळ्याला पाळणाघर बंद. कंपन्यांना सुट्टी असो वा नसो. आजवर त्या महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकातही एक मूल कडेवर घेऊन वावरत आल्या होत्या.

जूनमध्ये तान्हीची आई माझ्याकडे आली. ताईंनीच तिला सुचवले होते. ती दुखावलेली होती. “काकू असं करतील असं वाटलं नव्हतं,” असे म्हणून तिने आपला हिशेब मांडला: तिचा पगार २८,०००, त्यातून ये-जा, आणि आता पाळणाघराचे ४,५००, मग नोकरी करून उरते काय? हा हिशेब मी अनेक घरांत ऐकला आहे आणि तो मुळातच चुकीच्या जागी सुरू होतो. मूल दोघांचे असते, घराचा हप्ता दोघांच्या मिळकतीतून जातो, पाळणाघराची फी तेवढी आईच्या पगारातून वजा होते. दोघांच्या एकत्रित उत्पन्नाशी ताडून पाहिले तेव्हा तिलाही रक्कम तितकी अशक्य वाटली नाही. तिची अडचण खोटी होती असे मात्र नाही. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तिच्या कार्यालयात तेवढी माणसेच नव्हती. अंगणवाडीची वेळ काही तासांची, आणि सहा महिन्यांच्या बाळापासून शाळेच्या वयापर्यंतची वर्षे अशा आईला काकूंच्याच आधारावर काढावी लागतात. तो आधार तासाला अकरा रुपयांवर उभा असेल तर एखाद्या सकाळी तो अचानक बंद पडतो, आणि तेव्हा आईला दुसऱ्याच दिवशी रजा टाकावी लागते. ओरडण्याचा तो प्रसंग ताईंनी तिला स्वतः सांगितला होता. तिने मूल काढले नाही.

भावंडांचे पालक गेले. गावाहून आजी येणार आहेत, असे त्यांनी सांगितले, आणि नंतर रस्त्यात भेटल्यावर ओळख दाखवली नाही. ताईंना ते लागले. दोन भेटी आम्ही त्याच विषयावर घालवल्या. भीती निराधार होती असे मी त्यांना म्हणू शकत नव्हते, कारण माणसे खरोखरच तुटली होती. ती फीमुळे जोडलेली होती की मायेमुळे, हा प्रश्न त्यांनीच विचारला आणि त्याचे उत्तर देण्याचे मी टाळले. नणंदेशी बोलणे यजमानांवर सोपवले. पत्नीचा भागाकार पाहिल्यावर त्यांनी ते केले, आणि नणंद जेवणाखाणाचे १,५०० देऊ लागली.

जुलैचा हिशेब असा झाला: तान्ही ४,५००, दुपारचा मुलगा ३,०००, शाळेची मुलगी २,०००, नणंदेचे १,५००. पुन्हा ११,०००च, पण सहांऐवजी चार मुलांत, आणि खर्च ६,७०० वर आलेला. तासाला साडेसोळा रुपये. ऑगस्टमध्ये आणखी एक मूल पूर्ण दिवसासाठी आले, खर्च साडेसात हजारांवर गेला आणि हाती आठ हजार राहू लागले, म्हणजे तासाला एकतीसच्या आत. मावशींच्या दरापर्यंत त्या अजून पोहोचलेल्या नाहीत. पुढील जुलैची वाढ मात्र त्यांनी आताच कागदावर लिहून सर्वांना दिली आहे.

झोप सुधारली आहे. दुपारी मुले झोपली की त्या अर्धा तास आडव्या होतात, आणि तेवढ्या वेळेसाठी मावशी थांबतात, त्याचे वेगळे पैसे घेऊन. उशिराचे ५० रुपये मात्र तान्हीच्या आईकडून त्यांनी अद्याप एकदाही घेतलेले नाहीत. वहीत लिहितात आणि महिन्याच्या शेवटी खोडतात. पुढच्या भेटीत त्या वहीवरच बोलायचे ठरले आहे.