नागपूरच्या उन्हाळ्यात माल्बेक ब्लेंड चाखायची कशी?

तुमचा प्रश्न असा: बेताच्या किमतीची माल्बेक-कॅबरने ब्लेंड (या दोन काळ्या द्राक्षांच्या मिश्रणाची रेड वाइन) घरी उघडली, घशाला जळजळली, मागाहून गोडसर लागली, वाइनच सुमार होती की चाखण्यात काही चुकलं?

बाटलीला दोष देण्याआधी तिचं तापमान बघा. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम युरोपातल्या थंड घरांत जन्मला. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. नवतप्यात नागपूरची खोली कूलर लावूनही तिशीच्या आसपास असते. माल्बेकमध्ये अल्कोहोल बहुधा १३.५ ते १४.५ टक्के. एवढ्या उष्णतेत अल्कोहोलची वाफच आधी नाकात शिरते, फळाचा वास झाकला जातो आणि गोडवा वर येतो. तुमच्या दोन्ही तक्रारी यातूनच आल्या असाव्यात.

३२ अंशांची बाटली १७ वर यायला फ्रिजमध्ये साधारण दीड-दोन तास लागतात. नेहमी सांगतात तो अर्धा तास इथे पुरत नाही. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घ्या आणि बाटली गळ्यापर्यंत १२-१५ मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात वेळ जातो, कारण खड्यांच्या मधली हवा थंडावा पोचू देत नाही. फार गारही नको. १२ अंशांच्या खाली तुरटपणा टोचायला लागतो. ग्लासात एका वेळी ६० मिलीच ओता, नाहीतर अर्धा ग्लास संपेपर्यंत ती पुन्हा तापते.

आता ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. तरुण माल्बेक गडद जांभळी असते, कडेला गुलाबी झाक. दोन-तीन वर्षांच्याच वाइनची कड विटकरी दिसली आणि वास शिजवलेल्या जॅमसारखा आला, तर ती बाटली कुठेतरी उन्हात तापलेली आहे. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याखाली चिकट ओघळ असेल तर दुकानातच परत ठेवा. विदर्भात हा दोष वाइनच्या दर्जापेक्षा जास्त महाग पडतो, असं माझं मत आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बुचाचा दोष, तो हवा लागूनही जात नाही. काडेपेटीचा वास मात्र ग्लास फिरवला की बहुतेक उडून जातो.

घोट तोंडात पाच-सहा सेकंद फिरवा. माल्बेक पुढे जांभूळ-आलुबुखारासारखं फळ देते, पण एकटी असली की कधी मध्येच पोकळ वाटते. ती पोकळी भरायलाच जोडीदार द्राक्षं घेतात: कॅबरने सोव्हिन्यों हिरड्यांवर तुरट पकड आणते, मर्लो मऊपणा, सिरा मिरीचा झणका. हे नवं नाही. फ्रान्समधल्या काओरमध्ये, माल्बेकच्या मूळ मुलखात, किमान ७० टक्के माल्बेकसोबत मर्लो आणि तनात ही द्राक्षं चालतात. पैसे वसूल करणाऱ्या ब्लेंडमध्ये फळ आणि तुरटपणा यांचा सांधा जाणवत नाही आणि गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं. सुटलं नाही तर आंबटपणा कमी पडलाय.

सोबत सावजी रस्सा असेल तर वाइनबद्दल निकाल देऊ नका. मिरचीची आग आणि अल्कोहोल एकमेकांना भडकवतात, तुरटपणाही दुप्पट वाटतो. सीख कबाब, कमी तिखटाचं सुकं मटण, भाजलेली वांगी चालतील.

शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशीची. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांनी १७ अंशांवर आणून पुन्हा चाखा. फळ टिकलं असेल तर तीच बाटली पुन्हा घ्या. नुसता व्हॅनिलाचा वास आणि साखर उरली असेल, तर ओकच्या चिपा (चवीसाठी वाइनमध्ये टाकलेले ओक लाकडाचे तुकडे) आणि गोडव्याच्या आधारावर ती उभी होती.